माय पडली, ग्रुपवर

माय ओसरीच्या पायरीवरून घसरली, हे मला घरून कळलं नाही. वावरात जंभेरीच्या खुंटांवर डोळे बांधणं चालू होतं. मजूर म्हणाला, "भाऊ, माय पडली तुमची. ग्रुपवर आलं न."

शेंदूरजनाघाट म्हणजे संत्र्याच्या कलमांचं गाव, हे सांगायला नको. मोटारीची केबल चोरीला जाणंही नेहमीचंच. म्हणून समोरच्या दुकानदारानं कॅमेरा लावला तेव्हा सगळे बरंच म्हणाले. त्याचं अर्धं तोंड आमच्या ओसरीकडे.

व्हिडिओ वीसेक सेकंदांचा. लुगडं गुडघ्यावर, हातात तेलाची वाटी. पाय सरकतो, वाटी कलंडते. माय उठायला पाहते, उठवत नाही. पदर सावरायला जाते, तोही सावरत नाही. खाली जोडलेले हात आणि दोन हसरे चेहरे. त्या दोघांच्या लग्नात मी पंगतीला वाढलं आहे! तिथून व्हिडिओ वरुडला गेला आणि संध्याकाळी पुण्याहून भाच्याचा फोन.

मी दुकानदाराशी भांडायला गेलो. तो शांतपणे म्हणाला, "कामून चिडता भाऊ? मोबाइलात दिसलं म्हणून तं पोट्ट्याले पळवलं. नाही तं माय तिथंच पडून रायली असती."

खरं होतं. त्याच्याच पोरानं तिला उचलून दवाखान्यात नेलं. मग ग्रुपवर कशाला टाकलं?

"लोकायले काळजी वाटते न!"

स्मार्ट सिटीच्या अंतिम यादीत आमची अमरावती आलीच नाही. आली ती आंध्रातली. नागपुरात साडेतीन हजारांवर कॅमेरे आहेत, पण जाब कुठं विचारायचा ते तरी ठाऊक असतं. इथं अख्खी कंट्रोल रूम दुकानदाराच्या खिशात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 साली खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. माहिती-संरक्षणाचा कायदा 2023 चा, नियम नोव्हेंबर 2025 चे, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढं अठरा महिने. माय 2017 लाही याच ओसरीत बसत होती. आता बसत नाही.

तरी कॅमेरा काढा, असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच्यामुळेच माय वेळेवर दवाखान्यात पोचली. पण त्याचं तोंड रस्त्याकडे फिरवा, जुनं फुटेज वेळच्या वेळी पुसा, पोलिसांनी मागितलं तर त्यांना द्या. ग्रुपवर टाकायला ते कोणाच्या बापाचं नाही.