'ए.सी. बंद'

सेवेतील काही वर्षे कोलकात्यात गेली. पूरनिवारणाच्या समन्वय बैठकांसाठी मला फोर्ट विल्यममध्ये, लष्कराच्या पूर्व कमांडच्या मुख्यालयात, वारंवार जावे लागे. २०२४ च्या अखेरीस या किल्ल्याचे नाव 'विजय दुर्ग' झाले आणि त्याच्या सेंट जॉर्जेस गेटचे 'शिवाजी गेट' झाले. ही बातमी वाचून घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांना आनंद होणे स्वाभाविक आहे. मला मात्र त्या किल्ल्याच्या दाराशी झालेली माझी एक चूक आठवली.

मे महिना होता. रेड रोडवरून जाताना गाडीतील वातानुकूलन उत्तम चाले. किल्ल्याच्या दाराशी तपासणीसाठी रांगेत उभे राहिलो की पाचेक मिनिटांत कॉम्प्रेसर बंद पडे. कार्यालयाच्या दुरुस्ती नोंदवहीत शेरा होता, 'ए.सी. बंद'. त्या दोन शब्दांवर गॅरेजने दोनदा गॅस भरला. उपयोग झाला नाही, तेव्हा नवा कॉम्प्रेसर सुचवला. गाडी नीट हाताळली जात नाही असे समजून मी चालकाकडून लेखी खुलासा मागवला.

खुलाशात त्याने एकच वाक्य लिहिले होते : "साहेब, गाडी उभी राहिली तरच बंद पडतो, चालू लागली की पुन्हा सुरू होतो."

कॉम्प्रेसरच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी मी तो कागद दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिकला दाखवला. त्याने इंजिन चालू ठेवून दाबमापक जोडले. गाडी उभी असताना उच्च दाबाचा काटा चढत गेला आणि कॉम्प्रेसर थांबला. मग रेडिएटरपुढील कंडेन्सरवर त्याने पाणी ओतले. काटा उतरला, कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला. कॉम्प्रेसर निर्दोष होता. गाडी धावताना समोरचा वारा कंडेन्सर थंड ठेवी; उभ्या गाडीत ते काम पंख्याचे, आणि पंखा फिरतच नव्हता. दाब वाढला की यंत्रणा फुटू नये म्हणून प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडत होता. जादा भरलेल्या गॅसने दाबात भरच पडली होती. पंख्याला बॅटरीतून थेट वीज देताच तो फिरू लागला. म्हणजे दोष त्याच्या रिलेत होता. रिले बदलला, जादा गॅस काढला आणि काम संपले.

सांगायचा मुद्दा हा की, आपल्या कार्यालयांतही जो थांबतो त्यालाच आपण दोषी धरतो. देयक परत पाठवणारा लेखापाल कित्येकदा त्या प्रेशर स्विचसारखा असतो. अडचण त्याच्या मागे कुठेतरी असते. 'प्रकरण प्रलंबित' एवढ्या शेऱ्यावरून ती कळत नाही. ते कधी, कोठे, कोणत्या स्थितीत थांबते, हे रोज हाताळणाऱ्याला ठाऊक असते. आपण त्याला विचारत नाही. विचारलेच तर खुलासा म्हणून विचारतो.

दुसऱ्या दिवशी मी खुलाशाचे प्रकरण लेखी बंद केले आणि चालकाची समक्ष क्षमा मागितली. तो संकोचून एवढेच म्हणाला, "साहेब, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

त्यानंतर नोंदवहीत आम्ही एक रकाना वाढवला : 'चालकाचे निरीक्षण'.