डोंगरातली एक कब्र

स्कॉटलंडच्या वेस्टर रॉस भागात, ग्लेनकॅरनच्या डोंगरउतारावर एका मुस्लिम बाईची कब्र आहे. लेडी एव्हलिन कोबॉल्ड. जन्म १८६७चा, उमरावाच्या घरातला. लहानपणी हिवाळे उत्तर आफ्रिकेत गेले, तिथं अरबी कानावर पडली. पुढे त्यांनी जैनब हे नाव घेतलं. १९३३ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी हज केला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. हजला गेलेल्या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या स्त्रियांत पहिली नोंद त्यांचीच सांगितली जाते.

गेल्या जूनमध्ये आम्ही तिघं ती कब्र शोधत गेलो. मी, नोकरीनिमित्त इन्व्हर्नेसला असलेला माझा बीएडचा मित्र आणि त्याचा शेजारी, एक निवृत्त पोस्टमन. जमीन खासगी, पण तिथल्या २००३च्या कायद्यानं नुकसान न करता डोंगरात फिरायचा हक्क सगळ्यांना आहे. कुणी अडवलं नाही, नाव विचारलं नाही. डोंगरात फिरताना मला हे नवीन होतं.

रूळ ओलांडला आणि ओढ्याकाठानं चढू लागलो. वाट सोडली की पायाखाली पीटचा काळा, भिजल्या स्पंजासारखा चिखल. वारा पडला की मिज नावाची बारीक चिलटं कानात, नाकात. घाटावरचा माणूस मी, चढाचं काही वाटलं नाही. चिलटांनी मात्र रडवलं.

जोहरच्या वेळी ओढ्यावर वजू केला. पाणी इतकं गार की बोटं बधिर झाली. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेला मी, इथं किबला आग्नेयेला. मित्र हसून म्हणाला, "सर, गाव बदललं की दिशा बदलते, घर तेच राहतं." पोस्टमनकाका थोडे लांब, टोपी हातात घेऊन बसून राहिले.

कब्रीवर सपाट शिळा आणि सूरह नूरची आयत. जानेवारी १९६३ मध्ये कडाक्याच्या थंडीत दफन झालं. वोकिंगच्या मशिदीतून इमाम आले होते. भोपाळच्या शाहजहान बेगमांच्या मदतीनं १८८९ मध्ये उभी राहिली तीच मशीद. जनाज्याला इमाम होते, तसा बॅगपाइप वाजवणाराही होता. आम्ही फातिहा पढलो आणि उतरायला लागलो. गाडीपाशी पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते, तरी मगरिबला वेळ होता.

उतरताना एकच गोष्ट डोक्यात होती. स्टाफरूममध्ये मला विचारतात, "मुस्लिम असून मराठी इतकं शुद्ध कसं?" उर्दूवाले विचारतात, "घरात मराठी कशाला?" त्या बाईंनी बॅगपाइप आणि आयत दोन्ही ठेवलं. अर्थात, त्या उमरावाच्या लेक होत्या, डोंगर त्यांच्या मालकीचा होता. आपल्यातल्या अनेकांच्या नावावर सातबाराही नसतो. म्हणून तर आपल्याला सारखं उत्तर द्यावं लागतं.

पण हक्क मालकीतूनच येतो असं नाही. आमच्या गावच्या कबरस्तानात अब्बांच्या कब्रीवर साधा दगड आहे. वर अरबीत आयत, खाली देवनागरीत नाव. तो बसवताना यात काही विशेष आहे, असं आमच्यातल्या कुणाला वाटलंही नव्हतं.