आईची पंचाहत्तरी

आईची पंचाहत्तरी हाँगकाँगला करायची हे दादाने ठरवलं आणि ती डिमसमच्या जेवणाने करायची हे वहिनीने. आई वेंगुर्ल्याची. मासळी म्हणजे तिचा जीव की प्राण, पण डुकराचं मांस वर्ज्य. कॅन्टोनीज डिमसममध्ये तर ते पावलोपावली भेटतं. सिऊ मायच्या सारणात ते कोळंबीबरोबर असतं, मुळ्याच्या वड्यांतही सॉसेजचे तुकडे असतात. म्हणून टेबल राखतानाच वहिनीने ते स्पष्ट सांगितलं. वाढदिवस कुणाचा, कितवा, हेही सांगितलं.

सकाळी औक्षण झालं आणि दुपारी आम्ही फोर सीझन्स हॉटेलातल्या लुंग किंग हीनमध्ये पोचलो. 2009च्या मिशलिन गाइडमध्ये तीन तारे मिळवणारं हे पहिलं चिनी रेस्टॉरंट. खिडकीबाहेर व्हिक्टोरिया हार्बर, पलीकडे काउलून.

आधी चहा येतो. आम्ही गडद रंगाचा पू-अर मागवला. धाकट्याने थोरांना आधी चहा ओतायचा, स्वतःला शेवटी, अशी तिथली रीत. माझ्या भाच्याने ते काम मनापासून केलं. कुणी चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवून आभार मानतात. त्यामागची आख्यायिका दादाने सांगितली. वेष पालटून फिरणाऱ्या चिएनलुंग बादशहाने स्वतःच्या हाताने सेवकाच्या पेल्यात चहा ओतला. लोटांगण घालावं तर बादशहा ओळखला जाणार, म्हणून सेवकाने बोटं वाकवून नमस्कार केला. आईला हे इतकं आवडलं, की पुढे नातवाने चहा ओतला की तिची बोटं टेकलीच.

मग बांबूच्या करंड्यांतून हार गाऊ आले. पातळ पारीतून आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग दिसत होता. आईने एक बशीत घेतला आणि खाण्याआधी फिरवून पाहिला. आयुष्यभर उकडीच्या मोदकांच्या कळ्या पाडलेली बाई ती, तिची नजर तिथेच जाणार. हार गाऊला निदान सात चुण्या हव्यात, कसलेला हात दहाच्या वर घालतो. आई मनात मोजत होती. पारी कशाची, हे तिने वहिनीकरवी विचारून घेतलं. गव्हाचं सत्त्व आणि टॅपिओकाचं पीठ उकळत्या पाण्यात मळतात, हे कळल्यावर म्हणाली, "म्हणजे उकडच की! चिरली नाही, चिकटली नाही. हात चांगला आहे गो."

तिच्या तोंडून अशी पावती सहजी मिळत नाही.

लॉब्स्टर आणि शिंपल्याच्या गराचं डिमसमही उत्तम होतं, पण माझं लक्ष आईवरच होतं. आमच्या घरी चतुर्थीला मोदकपात्र उतरलं, की पहिले मोदक नैवेद्याला, मग पुरुषांना, मुलांना, पाहुण्यांना. आई बसायची तेव्हा तिच्या वाट्याला गार झालेले, कधी फुटलेले. इथे प्रत्येक करंडी वाफाळत येत होती आणि पहिला घास तिचा होता. उठून वाढायला कुणी नाही, आत राबायला घरचं कुणी नाही. तिने सावकाश खाल्लं, गप्पा मारल्या, आवडलेलं पुन्हा मागवलं. पंचाहत्तरीला मला याहून मोठी भेट सुचली नसती.

केक नव्हता. फुंकर मारून ज्योत विझवणं आईला कधीच पटलं नाही. त्याऐवजी लांब नूडल्स आल्या. दीर्घायुष्यासाठी त्या न तोडता खायच्या असतात. शेवटी सौ बाव, पीचच्या आकाराचे गुलाबी टोकाचे पाव, आत कमळबियांचं गोड पुरण. चिन्यांकडे पीच हे दीर्घायुष्याचं फळ.

बिल मोठं आलं. दादाने ते आईला दाखवलं नाही, आणि बरोबर केलं.

तुम्ही आईवडलांना अशा जेवणाला नेणार असाल, तर दुपारची वेळ घ्या. अशा ठिकाणी डिमसम बहुधा दुपारीच मिळतं. डुकराचं मांस चालत नसेल तर सारणाबरोबर पिठातल्या चरबीचीही चौकशी करा, आणि वाढदिवसाचे पाव आधी सांगून ठेवा.