रोड ट्रिप, लाल दगड आणि मॉन्सून

लास वेगासहून निघालात की तीनेक तासांत झायन. हो, घड्याळ एक तास पुढे करायला विसरू नका, युटाहची वेळ वेगळी! बे एरियातली माझी कॉलेजची मैत्रीण, तिचा नवरा, त्याचा एक रूममेट आणि पुण्याहून गेलेली मी. भाड्याची एसयूव्ही, डिकीत पाण्याचे कॅन आणि बाकरवडी. आयटीवाल्यांची ट्रिप म्हणजे एक्सेल शीट आलीच. चार दिवसांत युटाहमधली पाचही नॅशनल पार्क्स!

शीट पहिल्याच दिवशी अडली. झायनमध्ये 'द नॅरोज' नावाचा भन्नाट ट्रेक आहे. व्हर्जिन नदीने कोरलेली अरुंद घळ, वाट म्हणजे चक्क नदीच. हातात काठी घ्यायची आणि पाण्यातून चालत सुटायचं. दोन्हीकडे हजार फुटी भिंती, मध्ये काही ठिकाणी जेमतेम वीस-तीस फूट जागा. सांधण व्हॅली केली असेल तर थोडीफार कल्पना येईल.

व्हिजिटर सेंटरच्या बोर्डावर पुराची शक्यता होती 'प्रॉबेबल'. त्यांच्या चार पायऱ्यांतली ही तिसरी, 'एक्स्पेक्टेड'च्या फक्त एक खाली. वर आकाश निळंशार. "अरे, आपण भर जुलैत हरिश्चंद्रगड केलाय, हे काय घेऊन बसलात!" रूममेट उसळला. पण सह्याद्रीतला पाऊस आपल्याला दिसतो, भिजवतो. इथे तो काही मैल लांब पडतो. उघडा खडक पाणी मुरू देत नाही, ते सगळं घळीत घुसतं आणि वर चढायला जागाच नसते. 14 सप्टेंबर 2015 ला याच पार्कमधल्या कीहोल कॅनियनमध्ये सात जण असेच गेले. गंमत म्हणजे तिकडेही जुलै ते सप्टेंबरच्या या पावसाला 'मॉन्सून'च म्हणतात.

भांडण झालं, चांगलंच. शेवटी शटलने शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो, मैलभराचा रिव्हरसाइड वॉक केला आणि नॅरोजच्या तोंडाशी बसून बाकरवडी संपवली. पूर आलाच नाही. मग काय, "बघा, गेलो असतो तर!" हे जेवणापर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर 'नॉट एक्स्पेक्टेड'. सकाळी सातला पाण्यात. चार तास कुणी फारसं बोललंच नाही, रूममेटसुद्धा. पाणी बर्फासारखं गार, पायाखाली गुळगुळीत गोटे आणि वर आकाशाची बारीक पट्टी.

ब्राइसचे दगडी सुळके सूर्योदयाला पाहिले, सुंदर आहेत. बाकीची तीन पार्क्स शीटमधून उडवली. मोआबपर्यंत चार-पाच तास गाडी हाकून आर्चेसमध्ये नुसते फोटो कोण काढणार?

जाणार असाल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बेस्ट. वसंतात बर्फ वितळून नदी फुगते तेव्हा नॅरोज बंदच ठेवतात. पाण्यात चालायचे बूट आणि काठी स्प्रिंगडेल गावात भाड्याने मिळतात. फ्लोटर्सवर जाऊ नका, प्लीज.