साइटेशन आणि काकू

फ्रीलान्सिंगच्या चेकवर मुंबईत घरभाडं निघत नाही, हे मास कॉमच्या सिलॅबसमध्ये नव्हतं. म्हणून गेलं वर्षभर संध्याकाळी सहानंतर मी फोर्टमधल्या एका वकील मॅडमकडे कोर्टात जाणारे कागद तपासते. 'प्रूफरीडिंगच ना?' म्हणत गेले होते. पहिल्याच दिवशी हवा निघाली.

केशवानंद भारती खटल्याचे दोन पत्ते : एआयआर १९७३ एससी १४६१ आणि (१९७३) ४ एससीसी २२५. एक आकडा चुकला की जज पान उघडतात आणि तिथे भलताच खटला! पान बरोबर असलं तरी सुटका नाही. उतारा निकालातला की संपादकाने वर दिलेल्या हेडनोटमधला? बहुमतातला की विरोधी मतातला? आणि तो निकाल अजून जिवंत आहे का? आणीबाणीतला १९७६ चा एडीएम जबलपूर पुस्तकात अजून ऐटीत बसलाय, पण २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालाने तो मोडीत काढला. (२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले कोर्टात दिले नि ५ हजार डॉलर दंड झाला. मॅडमनी ती बातमी कपाटावर चिकटवलीय.)

तर, साइटेशनमध्ये मी एकदम तयार झाले. आणि भलतीकडेच माती खाल्ली.

चाळीतल्या खोलीचा दावा. भाडेकरू सासू २००३ मध्ये वारली. सोबत राहणाऱ्या सुनेला भाडेहक्क मिळतो, पण ती तेव्हा तिथे राहत होती हे दाखवावं लागतं. काकू लग्न होऊन आल्या २००१ ला. अ‍ॅफिडेव्हिटमध्ये टाइप झालं २०१०! मी तीनदा वाचलं होतं. युक्तिवादातल्या निकालांचे सगळे नंबर टिक केले, रेशनकार्डाची झेरॉक्स मात्र उलटूनही पाहिली नाही. काकूंची सही झाली, नोटरीचा शिक्काही बसला.

फायलिंगच्या सकाळी पानांना नंबर घालताना दिसलं. पोटात गोळा. मॅडम ओरडल्या नाहीत. "त्यांना फोन तू कर," एवढंच म्हणाल्या.

काकू पोळ्यांचं काम सोडून गिरगावातून धावत आल्या. इंग्रजी मजकुराखाली 'मला मराठीत समजावून सांगितले' असं छापलेलं असतं. आदल्या दिवशी ते कुणी सांगितलं होतं? मी तरी नाही. या वेळी परिच्छेद न् परिच्छेद मराठीत सांगितला. काकू २००१ वर बोट ठेवून थांबल्या.

"मे महिना होता हो. चाळीत पाणी नव्हतं. तेही लिहा."

महिना घातला. पाणी राहिलं.