एका अक्षराचा घोटाळा

गेल्या उन्हाळ्यांत खामगांवीं आमच्या जुन्या संगणकावर आम्हीं लिनक्स बसविलें आणि भाच्यासाठीं मोटारींच्या शर्यतीचा खेळ घेतला. पहिली शर्यत सुरळीत झाली. दुसरी उघडतांच खेळ बंद पडे. भाचा कांहीं बोलला नाहीं, पण त्याची सुटी सरत आली होती. शेवटच्या रात्रीं चुकांच्या नोंदींत कारण सांपडलें. खेळ एका चित्राच्या नांवाचें पहिलें इंग्रजी अक्षर मोठें मागत होता. चित्राच्या नांवांत तें लहान होतें. विंडोज हा भेद मानीत नाहीं. १९९१ सालीं जन्मलेलें लिनक्स युनिक्सच्या वळणावर गेलेलें, तें मानतें. ज्या देवनागरींत असा भेदच नाहीं, तींत वाढलेल्या आमच्या डोळ्यांस तो दिसावा कसा? नांव बदललें. पहाटे पांचला भाच्यास उठविलें. अकोल्याची एस्. टी. सातला होती.