अनोळखी माणसांच्या भरवशावर

‘द अमेझिंग रेस’ हा टीव्ही कार्यक्रम मला कित्येक वर्षं डाचत होता, आणि तेही आपल्या देशामुळे. दोघादोघांच्या जोड्या दहा लाख डॉलरसाठी जगभर धावतात. २००१च्या पहिल्याच पर्वात त्या आग्रा, जयपूर करत बिकानेरजवळच्या उंदरांच्या देवळात पोचल्या. आपली श्रद्धा, आपली गर्दी म्हणजे यांच्या खेळातले अडथळे! संताप यायचा.

तो निवळला कोलकात्यामुळे. अठराव्या पर्वात तिथे एक काम होतं : आधी चाखलेला चहा शेकडो कपांतून केवळ चवीवरून ओळखायचा. धडधाकट, चपळ माणसं तिथे हतबल झाली, कारण घाईने जीभ शिकत नाही. चहा पारखणं हे किती कसबाचं काम आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आणि ही फजिती फक्त गरीब देशांतच होते असंही नाही. सहाव्या पर्वात स्वीडनमधल्या शेतात गवताचे भारे उलगडून त्यांतली चिठ्ठी शोधायची होती. दोन बहिणींच्या जोडीतली एक आठ तासांहून जास्त वेळ राबली, चिठ्ठी मिळालीच नाही. शेवटी सूत्रसंचालक फिल कीओगन स्वतः शेतात गेला आणि तुमची शर्यत संपली म्हणाला. मला भरून आलं होतं.

स्पर्धकांना स्वतःचा फोन बाळगता येत नाही, पैसेही बेताचेच मिळतात. म्हणजे पत्ता विचारायचा, विनवायचं, मिळेल त्याच्यावर विश्वास टाकायचा. भाषा न येणाऱ्या शहरात कुणीतरी हातातलं काम सोडून यांना रस्ता दाखवायला निघतं. हे मी आधी पाहतच नव्हतो. कोविडमुळे २०२०मध्ये तेहतिसाव्या पर्वाचं चित्रण थांबलं; पुढच्या वर्षी ते सुरू झालं तेव्हा सगळ्या जोड्या एकाच खास विमानाने फिरू लागल्या. तिकिटांसाठीची धावपळ, काउंटरवरच्या माणसाची मनधरणी संपली. शर्यत होती, पण मला ती पोकळ वाटली. आपण नेमकं कशासाठी पाहत होतो, ते तेव्हा उमगलं.

एक तक्रार मात्र मी सोडलेली नाही. स्पर्धकांची नावं, त्यांचं आपसातलं नातं पडद्यावर पुन्हा पुन्हा झळकतं. ज्या टॅक्सीवाल्याने गल्लीबोळ काढत त्यांना वेळेत पोचवलं, त्याचं नाव क्वचितच कळतं. त्याची परवानगी घ्या आणि तेही तितक्याच ठळक अक्षरांत दाखवा.